पाय स्वच्छ धुऊन यावे

‘पाय धुण्याच्या विधीस येताना कृपया पाय स्वच्छ धुऊन यावे.’

हे वाक्य माझं आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. खाली शाळेचा शिक्का आहे, थोरल्या सिस्टरांची सही आहे, पण अक्षर माझं आणि अक्कलही माझीच. बावीस वर्षं मी त्या शाळेत भाषा शिकवली आणि शाळेची झाडून सगळी सूचनापत्रकं लिहिली. त्यावरून शाळेचे संडास धुणाऱ्या फिनेलमावशींनी माझं नाव नोटीसबाई ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. स्मरणिका निघते आहे, तुम्ही निवृत्त झालात तरी घरच्याच आहात, तेव्हा आपल्या सफाईच्या मावशींवर दोन पानं लिहून द्या. मथळाही त्यांनीच ठरवला होता, ‘सेवेची ज्योत’. “मावशी कशा सदा हसतमुख असायच्या, तेवढं येऊ द्या,” असंही सांगितलं. हसतमुख! त्या बाईला मी हसताना पाहिलं ते दुसऱ्या कुणाची फजिती झाल्यावर. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि लिहायला बसले. हे ते लिखाण. छापणार नाहीत, मला ठाऊक आहे.

मावशी शाळेत आल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. नवरा इमारतींना रंग द्यायचा. एकदा परातीवरनं नव्हे, परांचीवरनं पडला, दोन वर्षं अंथरुणात काढली आणि गेला. (‘परातीवरनं’ हे मावशींचं. त्या तसंच म्हणायच्या, आणि दुरुस्त केलं की म्हणायच्या, “कशावरनं का असेना बाई, पडला तो पडलाच.”) पदरी चार वर्षांची मुलगी. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला येऊन शेवटच्या बाकावर बसणारी ही बाई तेव्हाच्या सिस्टरांनी पाहिली आणि म्हणाल्या, उद्यापासून या, तात्पुरतं. ते तात्पुरतं एकोणीस वर्षं चाललं. रोजंदारी. आल्या तर आल्या, नाही आल्या तर त्या दिवसाचं नाव नाही.

शाळा तीन मजली. प्रत्येक मजल्यावर दोन्ही टोकांना संडास, एकूण सव्वीस भांडी, आणि मुतारीच्या लांबलचक मोऱ्या वेगळ्या. सफाईला तिघी होत्या, पण बाकीच्या दोघींकडे वर्ग आणि पटांगण. संडास मावशींचे. सकाळी सहाला त्या निळा कोट चढवायच्या, बादली भरायच्या आणि पिवळट बाटलीतलं ॲसिड भांड्यात ओतायच्या. धूर निघायचा. ॲसिड किती वेळ राहू द्यायचं याचं त्यांचं माप घड्याळाचं नव्हतं. जपमाळेचे तीन मणी होईपर्यंत थांबायचं, मग घासायचं. मावशींची निम्मी जपमाळ रोज संडासात व्हायची. थोरल्या सिस्टरांनी एकदा टोकलं, की मावशी, ही काय प्रार्थनेची जागा आहे? मावशी म्हणाल्या, “देवाला वास येत नाही सिस्टर. वास तुम्हाला येतो.”

अशी जीभ. मुलं त्यांना टरकून असत. नववीतल्या दोघींनी एकदा भिंतीवर माझ्याविषयी काहीतरी खरडलं. मावशींनी त्यांना मुद्देमालासकट पकडलं आणि म्हणाल्या, “मला वाचता येत नाही गं. तू वाच मोठ्यानं, काय लिहिलंयस ते.” त्या दोघी रडकुंडीला आल्या, पण वाचेनात. शेवटी रुमालानं पुसून काढलं. काय लिहिलं होतं ते मावशींनी मला कधीच सांगितलं नाही. वाचता त्यांना चांगलं येत होतं. लिहिण्याचा मात्र कंटाळा. सही तेवढी करत.

तर, ॲसिड. घासून झालं की बादल्याच्या बादल्या पाणी मारायचं. ते सगळं पाणी फरशीवरून वाहत कोपऱ्यातल्या जाळीत जाणार, आणि त्या वाटेत मावशींचे पाय. पायात रबरी स्लिपर, एकीचा पट्टा निळा, दुसरीचा पांढरा, टाचेशी झिजून कागद झालेल्या. आधी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या. मग सालपटं निघाली. मग उजव्या करंगळीशी जखम झाली, आणि त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळे ती भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा पाय पाण्यात जाता कामा नये, नाहीतर बोट काढावं लागेल, आणि मग कुठवर काढावं लागेल ते मी सांगू शकत नाही.

“मी म्हटलं, डॉक्टर, पाय कोरडा ठेवायचा तर घरी काढून ठेवून यावं लागेल,” मावशींनी मला सांगितलं. सांगताना हसल्या नाहीत.

लागत होतं काय, तर गमबूट. गुडघ्याखालपर्यंत येणारे, रबरी, एक जोड. कुणी म्हणेल, मग बाईनं स्वतः का नाही आणले? मीही विचारलं होतं. मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की प्रश्न गिळावासा वाटला. “माझ्या घरचा संडास असता तर मी आणले असते,” त्या म्हणाल्या. “वर्गात खडू तुम्ही घरनं आणता?”

मग अर्ज. अर्ज लिहिणं माझ्याकडे. मी आपली पद्धतशीर लिहायला बसले. विषय : गमबूट मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, वगैरे. शेवटी, ‘तरी एक जोड गमबूट देऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक.’ मावशी बाकावर बसून ऐकत होत्या.

“उपकृत म्हणजे?”

“म्हणजे उपकार करावेत.”

“त्यांचे संडास मी घासायचे, आणि उपकार त्यांनी करायचे?”

“अशीच पद्धत असते मावशी, अर्जाची.”

“पद्धत मस्त आहे,” मावशी म्हणाल्या आणि सही केली.

पहिल्या अर्जावर उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी दुसरा अर्ज केला, तो कुठल्याशा फायलीत गेला आणि त्या फायलीला पाय फुटले. तिसऱ्या वर्षी मी अर्ज घेऊन स्वतः थोरल्या सिस्टरांच्या खोलीत गेले. मावशींनाही बरोबर नेलं. सिस्टर उठून उभ्या राहिल्या, मावशींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मावशी, अहो तुम्ही काय परक्या आहात? अर्ज कसले करता? तुम्ही तर घरच्याच.”

मावशींचा हात तिथंच राहिला, सिस्टरांच्या हातात. अर्ज टेबलावर राहिला. आम्ही बाहेर आलो.

“घरच्याच म्हणजे मिळणार की नाही मिळणार?” मावशींनी जिन्यावर विचारलं.

थोरल्या सिस्टर वाईट बाई नव्हत्या. हेच तर दुखणं आहे, वाईट असत्या तर मला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. एकच शाल वर्षानुवर्षं ठिगळं लावून वापरायच्या, कुणी आजारी पडलं की पायी चालत जायच्या. पण त्यांच्या लेखी गरीब माणूस म्हणजे फाटकाबाहेरचा. फाटकाच्या आत कुणी गरीब असूच शकत नाही, कारण फाटकाच्या आत आपण आहोत. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, आमच्याकडे दिवा जरा जास्तच मोठा होता.

त्या दिव्याचं तेल मी. शाळेच्या सेवा मंडळाची प्रमुख मीच होते. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मंडळाचा एक उपक्रम असे, आणि तिसऱ्या अर्जाच्याच वर्षी उपक्रम निघाला, दूरच्या डोंगराळ भागातल्या अनवाणी मुलांसाठी चपला-बूट गोळा करण्याचा. नाव मी सुचवलं, ‘एक पाऊल न्यायाकडे’. फलक मी रंगवून घेतले. सकाळच्या प्रार्थनेत मी पाच मिनिटं बोलले, की मुलांनो, विचार करा, आपल्यासारखंच एक माणूस, आणि त्याच्या पायात काही नाही. माझा आवाजसुद्धा भरून आला. मावशी तेव्हा मागच्या दारात खराटा घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोलले असेन नसेन. पण त्या ऐकत होत्या, हे पक्कं.

सहाशे बारा जोड जमले. सभागृहात ढीग लागला. ते झाडूनपुसून, जोडीजोडीनं नाड्या बांधून खोक्यांत भरायचं काम कुणाकडे आलं असेल? मावशींकडे. संडास झाल्यावर, दुपारी. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या वर्गाच्या दारात आल्या. हातात हिरवे गमबूट. कुणीतरी बागकामाचे जुने देऊन टाकलेले.

“बाई, सात नंबर,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “घालून बघितले. बसले. हे मी घेऊ का?”

माझ्या तोंडून ‘घ्या’ निघायला हवं होतं. एकच अक्षर, तेही जोडाक्षर. मी भाषेची शिक्षिका. मी म्हटलं, “सिस्टरना विचारून सांगते.”

विचारलं. सिस्टर म्हणाल्या, देणाऱ्यांनी ते मुलांसाठी दिलेत, त्यातलं आपल्या माणसाला देणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील? शिवाय मावशींना वापरलेले कशाला, आपण नवे आणू. मला ते पटलं. पटलं! मी धावत जाऊन मावशींना आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं की नवे येणार आहेत. मावशींनी गमबुटांच्या दोन कड्यांतून सुतळी ओवली, गाठ मारली आणि खोक्यात ठेवले. “तर मग,” एवढंच म्हणाल्या.

ट्रकपुढे फलक धरून मुलांचा फोटो काढला. त्या डोंगरातल्या कुठल्या लहान मुलाला सात नंबरचे गमबूट लागणार होते, देव जाणे. नवे काही आले नाहीत. मीही विचारलं नाही. आज विचारीन, उद्या विचारीन, परीक्षा जवळ आल्या होत्या. कारणं सांगायला माझ्याइतकं शुद्ध कुणी बोलत नसे.

त्याच उपवासकाळाच्या शेवटी पाय धुण्याचा विधी आला. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. सेवकानं नव्हे, मालकानं सेवकाचे पाय धुवायचे, हा त्यातला अर्थ, आणि इतका सरळ अर्थ जगात फार थोड्या गोष्टींचा असेल. इतकी वर्षं ते बारा जण म्हणजे पालक संघाचे मान्यवर असत. घरून पाय घासून, पावडर लावून, नवे मोजे घालून येत. फादर दोन थेंब पाणी घालत आणि टिपून घेत. त्या वर्षी नवे फादर आले होते, तरुण, कानापर्यंत लाजणारे. ते म्हणाले, यंदा कष्टकऱ्यांना बसवू या. सिस्टरना कल्पना फार आवडली. यादी झाली. माळी, पहारेकरी, बाजारातला हमाल, आणि मावशी, कारण त्या हाताशीच होत्या. सूचनापत्रक अर्थातच मी लिहिलं. पालक संघाच्या जुन्याच पत्रकावरून उतरवलं. उतरवताना त्या वाक्यावर माझा हात क्षणभरही थांबला नाही.

मावशींनी ते फळ्यावर वाचलं. मला म्हणाल्या, “बाई, धुऊनच यायचं तर फादरना कशाला त्रास?”

मी हसले. मला वाटलं त्या विनोद करताहेत.

बुधवारी तालीम होती. बारा खुर्च्या मांडल्या. सगळ्यांनी उजव्या पायातलं पायताण काढायचं आणि पाय पुढे करायचा, असं सिस्टर सांगत गेल्या. मावशींपाशी आल्या, खाली बघितलं आणि थांबल्या. करंगळी काळपट पडली होती, शेजारची दोन बोटं सोललेली, बेचक्यात ओलसर लाल. मला वाटलं, चला, पाहिलं एकदाचं, आता तरी गमबूट येतील.

“मावशी,” सिस्टर मऊ आवाजात म्हणाल्या, “तुम्ही डावा पाय पुढे करा.”

“बाकी सगळे उजवा देणार ना?”

“चालतं. देवाला दोन्ही सारखेच.”

“मग राहू दे की उजवाच.”

“मावशी, लोकांना बघवणार नाही हो,” सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही जरा समजावून सांगा.”

आणि मी समजावून सांगितलं. मी त्यांच्याशेजारी बसून म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे मावशी, फोटो निघणार आहेत, आणि तुम्ही रोजंदारीवर, उगीच कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं? मावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग स्लिपरमध्ये पाय घातला. “तुम्हाला बोलता छान येतं,” म्हणाल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा अपमान तो, आणि त्या वेळी मी मान हलवून ‘थँक्यू’ म्हटलं.

गुरुवारी पाहुणे येणार म्हणून संडास दोनदा धुवायचे होते, सकाळी आणि दुपारी. विधी पाचला. साडेचारपर्यंत मावशी दुसऱ्या मजल्यावर होत्या. मी खालून पाणी मारल्याचा आवाज ऐकला. पाच वाजता त्या प्रार्थनागृहात आल्या त्या तशाच, निळ्या कोटात, पायांत ओल्या स्लिपर, आणि चालताना फरशीवर पावलं उमटत होती. ॲसिडचा वास आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल नाकाला लावला.

अकरा जणांचे पाय स्वच्छ होते. माळ्यानं तर नखंही कापली होती. फादर कमरेला पंचा बांधून, एका हातात सुरई आणि दुसऱ्यात घंगाळ घेऊन गुडघ्यावर सरकत सरकत येत होते. उजवा पाय, पाणी, टिपणं. उजवा पाय, पाणी, टिपणं. फोटोग्राफर मागोमाग. मावशी शेवटच्या खुर्चीवर. फादर पुढ्यात आले तेव्हा मावशींनी स्लिपर काढली आणि उजवा पाय पुढे केला.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी माझ्या पायांकडे.

फादरांनी तो पाय हातात घेतला आणि त्यांचा हात थबकला. “हे काय झालंय?” त्यांनी विचारलं. हळूच विचारलं होतं, पण गळ्यात माईक होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

“ॲसिड,” मावशी म्हणाल्या. “तुमच्याच संडासातलं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगितलं. तीनदा. लेखी. त्या बाईंना विचारा.”

भरलेलं प्रार्थनागृह माझ्याकडे वळलं. मुलं, पालक, ज्यांना मी वर्षभर न्याय शिकवत होते ती सेवा मंडळाची चाळीस पोरं. मला पळून जावंसं वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला तो मावशींचा. किती कोडगी होते मी.

फादरांनी नकळत सुरई तिरकी केली होती. मावशींनी हात आडवा धरला.

“पाय धुऊ नका फादर,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, जिन्यावर मुलांना ‘फरशी ओली आहे’ म्हणून सांगतात तसा होता. “दिवसभर धुतलेच जातात ते. तेवढे भिजू नयेत असं काहीतरी बघा.”

फादरांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी सुरई बाजूला ठेवली, कमरेचा पंचा सोडला आणि तो पाय कोरडा केला. एकेक बोट, एकेक बेचकी, करंगळीला धक्का न लावता. खूप वेळ लागला. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला होता. मग पेटीवाल्यानं घाबरून गाणं सुरू केलं, ते दोन पट्ट्या वर.

बाहेर आल्यावर सिस्टरनी मला गाठलं. “वेदीसमोर! हे तुम्ही शिकवलंत त्यांना?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढी अक्कल मला असती तर आणखी काय हवं होतं?

शनिवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. सात नंबरचे गमबूट आहेत का? आहेत. काळे की हिरवे? काळे. पाच मिनिटं लागली. दुकान माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. तीन वर्षं मी त्या दुकानावरून शाळेत जात होते, अर्ज पर्समध्ये घेऊन. पिशवी हातात धरून मी त्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. लोक बघत होते.

मावशींची एकच खोली होती. लेक आता तेवीसची, शिवणाच्या मशीनवर बसलेली. माझ्या हातातली पिशवी बघून तिनं मशीन थांबवलं. “आता आलात?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाय मारायला लागली. मावशींनी गमबूट बाहेर काढले, आतून हात फिरवून बघितला, शिवण तपासली.

“चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “देव तुमचं भलं करो. पण बाई, हे तुम्ही दिलेत. शाळेनं कुठं दिलेत?”

“मावशी, आधी पाय महत्त्वाचा.”

“पाय माझाय, घालीनच मी. मी काय येडी नाही. पण उद्या मी नसले आणि दुसरी आली, तिला कोण देणार? प्रत्येकीला एकेक बाई शोधायची का, रडवेली होऊन गमबूट आणणारी?” मग लेकीला म्हणाल्या, “कागद दे गं. बाई, लिहा. चौथा.”

मी लिहायला बसले. सवयीनं लिहिलं, विनंती अर्ज.

“विनंती काढा.”

काढली. पुढे गेले. ‘देऊन उपकृत...’

“ते पण काढा. आणि खालचं ते, आज्ञाधारक, ते आधी काढा.”

“मावशी, मग उरतं काय?”

“गमबूट,” मावशी म्हणाल्या.

तो अर्ज दोन ओळींचा झाला. ‘संडास साफ करताना पायांवर ॲसिड पडते. तिघींना गमबूट पाहिजेत, दर वर्षी नवे.’ मावशींनी सही केली, दुसऱ्या दोघींच्या सोमवारी घेतल्या. त्यांच्या खाली मी केली. तीन वर्षं मी अर्ज लिहिले होते, त्यावर माझं नाव कधी नव्हतं.

नव्या फादरांनी तो अर्ज समितीत लावून धरला, असं नंतर कळलं. तरी सात आठवडे गेले. मावशी माझे काळे गमबूट घालून कामावर येत होत्या, पण उशीर झाला होता. पाचव्या आठवड्यात करंगळी काढली. शेजारचं बोट वाचलं. रजेचे दिवस रोजंदारीत धरत नाहीत, म्हणून त्या दहाव्या दिवशी हजर झाल्या.

शाळेचे गमबूट आले तेव्हा थोरल्या सिस्टरनी मला बोलावलं. सोमवारच्या सभेत गमबूट-प्रदान समारंभ करू, सेवा मंडळाच्या मुलांच्या हस्ते देऊ, छान सूचना लिहा. मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिली. ‘सफाई कामगारांचे गमबूट आले आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी ऑफिसातून घेऊन जावेत.’ सिस्टरनी ती दोनदा वाचली. कृपया राहिलंय, म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या. आणि त्यांनी, का कोण जाणे, सही केली.

समारंभ नाही म्हणून फोटोग्राफर तेवढा ऑफिसात बोलावला होता. मावशी आल्या, खुर्चीवर बसल्या, डावा बूट घातला. उजवा घातला. करंगळीच्या जागी पोकळ लागत होतं, म्हणून खिशातली चिंधी काढून आत कोंबली. उभ्या राहिल्या.

“मावशी, हसा ना जरा,” फोटोग्राफर म्हणाला.

“बोट परत आणून दे,” मावशी म्हणाल्या, “हसते.”

आणि बादली उचलून जिना चढायला लागल्या. उजवा बूट प्रत्येक पायरीला वाजत होता. वर पाणी मारल्याचा आवाज येईपर्यंत फोटोग्राफर आणि मी तिथंच उभे होतो. त्यानं फोटो काढला नाही. तेव्हा स्मरणिकेसाठी हसतमुख फोटो मिळणार नाही, एवढं शाळेनं समजून घ्यावं.